प्लग, कॅप, रोटर आणि वायर नवीन बसवल्यावर ओम्नी उभ्या जागी थरथरते

प्रश्न : जांबोटीकर

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची, कार्बोरेटरची, बेळगाव पासिंगची मारुती ओम्नी आहे. पहाटे जांबोटीहून दुधाचे कॅन घेऊन बेळगावात जायचे आणि दहा-अकरापर्यंत परत यायचे, एवढेच तिचे काम. परंतु आमच्या भागात एकदा पाऊस लागला की उसंत म्हणून नसते, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत ओल्या सकाळी गाडी सुरू करताना फार त्रास झाला, म्हणून या वेळी आधीच इग्निशनचे सामान बदलून घ्यावे असे ठरवले. तीन प्लग, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप, त्यात फिरणारा रोटर आणि प्लगांकडे जाणाऱ्या एचटी (जास्त व्होल्टेजच्या) वायरचा संच असे सगळे नवीन आणून एका रविवारी अंगणात बसून मी स्वतःच बसवले.

तेव्हापासून गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण उभ्या जागी नीट चालत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन थरथरते, मागचे रिकामे कॅन एकमेकांवर वाजू लागतात, आणि दर तीन-चार सेकंदांनी सायलेन्सरमधून ‘फट्’ असा पोकळ आवाज येतो. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर मध्येच एखादा ठोका चुकल्याचे स्पष्ट जाणवते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबावे लागले तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवूनच उभे राहावे लागते. मात्र थोडी रेस दिली की सगळे सुरळीत होते, आणि कॅन भरलेले असताना चढावरही ओढ कमी झाल्यासारखे वाटत नाही.

आमच्या मेस्त्रींनी नुसता आवाज ऐकून कार्बोरेटर उघडावा लागेल असे सांगितले आहे. मला स्वतःला नवीन सामानच नकली असावे अशी शंका येते. प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट) मी तपासला नाही, कारण तो कारखान्यातूनच लावून येतो असे दुकानदार म्हणाले होते. शिवाय तिन्ही वायर मी एकदम काढल्या होत्या, हेही सांगून टाकतो. गाडीला गॅस किट नाही. जुने सामान पिशवीत घालून ठेवले आहे. कार्बोरेटरवर खर्च करण्याआधी कशाकशाची तपासणी करावी, कृपया सांगावे.

उत्तर : उद्यमबागचा फिटर

जुने सामान टाकून दिले नाहीत हे फार चांगले केलेत, ते पुढे उपयोगी पडेल.

पहिल्यांदा वायरचा प्रश्न निकालात काढू. आपल्या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे असून त्याचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. कॅपवरची तीन टोके एकमेकांपासून १२० अंशांवर असतात आणि रोटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरत एकेका टोकाला करंट देत जातो. यातल्या दोन वायरची अदलाबदल झाली असती तर दोन सिलिंडरना भलत्याच वेळी ठिणगी मिळाली असती, आणि अशी गाडी एक तर सुरूच झाली नसती किंवा कार्बोरेटरमधून उलटा भडका मारत कशीबशी चालली असती. भरलेले कॅन घेऊन चढ चढणाऱ्या गाडीच्या वायर जागच्या जागी आहेत, असे मी इथे बसूनही सांगू शकतो.

दुसरे असे की, एक सिलिंडर पूर्ण मेलेला असता तर तीनातला एक म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली असती आणि ते आपल्याला जांबोटी सोडताच कळले असते. याचा अर्थ ठोका अधूनमधून चुकतो, आणि तोही फक्त आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. आयडलला थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) जवळजवळ बंद असतो, आत येणारे मिश्रण थोडे असते, त्यात आधीच्या ठोक्याचा जळका वायू मिसळून राहिलेला असतो, त्यामुळे ते पेटायला अवघड असते. ठिणगी थोडी तोकडी असली किंवा बाहेरची थोडी हवा आत शिरत असली तरी ती उणीव इथे उघडी पडते आणि रेस दिली की झाकली जाते. याउलट कॉइल (ठिणगीचे व्होल्टेज तयार करणारा भाग) कमजोर असेल किंवा वायर आतून तुटली असेल तर तो दोष बहुधा चढावर, ओझ्याखाली आधी दिसतो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. आपली तक्रार बरोबर याच्या उलट आहे.

म्हणून माझ्या मते दोनच गोष्टी आधी पाहाव्यात. एक म्हणजे प्लगचा गॅप, जो या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर असायला हवा. कारखान्यातून लावून आलेला गॅप दुकानातून आपल्या हातात येईपर्यंत तसाच राहतो असे नाही. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घेऊन तिन्ही मोजा. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्ट्रिब्युटरला जोडलेला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या योजनेचा, बारीक रबरी पाईप. ओम्नीत सीट उचलून, वाकून, अंदाजाने हात घालून काम करावे लागते, आणि कॅप ओढून काढताना कोपर किंवा मनगट लागून वाळलेले पाईप निसटतात किंवा चिरतात. हवा घेणारे इंजिन आयडलला असेच थरथरते.

उत्तर : निपाणीकर

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या जुन्या मारुती ८०० ला हाच त्रास होता आणि कॉइल बदलल्यावर तो गेला. शिवाय हल्लीच्या पेट्रोलचाही विचार करावा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये येते, आणि कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, पडते. मी असतो तर कॉइल बदलून, टाकी रिकामी करून पुन्हा पाहिले असते.

उत्तर : निवृत्त निदेशक, आयटीआय

निपाणीकरांचे पेट्रोलविषयीचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, परंतु आजाराची तारीख पाहावी. रविवारी सामान बदलले आणि रविवारपासूनच थरथर सुरू झाली. पेट्रोलचा दोष असता तर त्याने नेमका तोच दिवस निवडला नसता. पातळ मिश्रणामुळे एखादी बारीक खोट जास्त ठळक दिसू शकते, इतपत मी मान्य करीन. कॉइलबद्दल फिटर महोदयांशी सहमत आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. कॉइल आणि पेट्रोल एकदम बदलले तर गाडी सुधारूनही कशामुळे सुधारली हे कळत नाही.

फिटर महोदयांच्या एका मुद्द्यात मात्र थोडी भर घालावीशी वाटते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पाईप पुष्कळ कार्बोरेटरांत थ्रॉटलच्या वरच्या बाजूच्या छिद्राला जोडलेला असतो, आणि तिथे आयडलला ओढ नसते. तसा असेल तर तो निसटला तरी आयडलवर परिणाम होणार नाही. इंजिन चालू ठेवून पाईपाचे टोक काढावे आणि कार्बोरेटरच्या बाजूच्या तोंडावर बोट ठेवावे. बोट ओढले गेले तर त्या पाईपावर संशय धरावा; नाही तर तो सोडून इनटेक मॅनिफोल्डवरचे (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावरचे) बाकीचे पाईप, बंद केलेल्या नळ्यांची रबरी बुचे आणि कार्बोरेटरखालचे पॅकिंग पाहावे. हवा कुठून शिरते हे शोधण्यासाठी बरेच जण कार्बोरेटर क्लीनर किंवा चक्क पेट्रोल फवारतात. ओम्नीत तसे कदापि करू नका. इंजिन सीटखाली, म्हणजे केबिनमध्येच असते. बाजूला डिस्ट्रिब्युटर ठिणग्या टाकत असतो आणि एक्झॉस्ट तापलेला असतो. साबणाचे पाणी पिचकारीने किंवा चमच्याने संशयाच्या जागेवर, डिस्ट्रिब्युटरपासून दूर, थेंब थेंब सोडले तरी पुरे. फट असेल तिथे पाणी आत ओढले जाते आणि क्षणभर इंजिनाचा सूर बदलतो. गाडी उघड्यावर आणि दारे सताड उघडी ठेवून हे करावे, कारण सीट उचललेली असताना वायू सरळ नाकाशी येतो.

कोणता सिलिंडर चुकतो हे आधी ठरवावे, म्हणजे निम्मे काम होते. चालू इंजिनाच्या वायर हाताने उपटण्याची जी पद्धत आहे तिच्यात झटकाही बसतो आणि मोकळी सोडलेली वायर कॉइलवर ताण टाकते. आपल्याकडे जुने प्लग आहेतच. इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढावी, तिच्यात जुना प्लग खोचावा, त्या प्लगचे लोखंडी अंग तारेने इंजिनाला घट्ट बांधावे आणि मग सेल्फ मारावा. दहा-पंधरा सेकंद ऐकून बंद करावे आणि पुढच्या सिलिंडरकडे जावे. जो सिलिंडर तोडल्यावर इंजिन सर्वांत कमी खचते, तो मुळातच कमी काम करत होता असे समजावे. न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होण्याची भीती नव्या गाड्यांत असते. १९९५ पासून तो सक्तीचा झाला तो फक्त चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना, त्यामुळे १९९८ च्या बेळगाव पासिंगच्या गाडीला तो बहुधा नसेल. तरीही आधी खाली वाकून पाहून घ्यावे.

आता कार्बोरेटर उघडायचा की नाही, हा खरा प्रश्न. त्याचा निवाडा आवाज ऐकून करू नये. सरळ एमिशन सेंटरवर जावे. (तिकडे महाराष्ट्रात पीयूसी म्हणतात, आपल्याकडे एमिशन.) तिथे आयडललाच मोजमाप होते आणि चिठ्ठीवर दोन आकडे येतात, ते आपण क्वचितच वाचतो. भारत स्टेज-२ या प्रदूषण-नियमाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत १,५०० भाग) ही मर्यादा आहे, पण पास की नापास एवढ्यावर न थांबता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कार्बन मोनॉक्साइड खूप जास्त असेल तर मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, आणि मेस्त्रींचा कार्बोरेटरवरचा संशय रास्त ठरतो. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला असेल, तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडते आहे. कारण ठिणगीत आहे किंवा जास्तीच्या हवेत आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता : जांबोटीकर

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे एकेक करत गेलो.

परत येताना खानापूर रस्त्यावरच्या एमिशन सेंटरवर थांबलो. तिथल्या मुलाने दोनदा नळी घालून पाहिली, कारण आकडा एका जागी राहीना. शेवटी चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के आणि हायड्रोकार्बन १,३८० पीपीएम आले. ‘पास आहे, घेऊन जा’ असे त्याने कन्नडमध्ये सांगितले, पण निदेशक महोदयांचे वाक्य डोक्यात असल्यामुळे मी तिथेच उभा राहून ती चिठ्ठी वाचत बसलो. कार्बोरेटरचा खर्च तिथेच थांबवला.

घरी येऊन जुना प्लग बांधून एकेक सिलिंडर तोडून पाहिला. पहिला आणि तिसरा तोडल्यावर इंजिन बंद पडायला आले. मधला तोडल्यावर ते थोडेसेच खचले. मग मधला प्लग काढला. त्याचे तोंड ओलसर काळे होते आणि बाकीच्या दोघांचे कोरडे, फिकट तपकिरी. गेज मेव्हण्याकडून आणले होते. दोन प्लगांत ०.७५ ची पाती हलकी घासून गेली. मधल्यात ती शिरेचना, ०.४ ची कशीबशी गेली. प्लग उजेडात धरून आडवा पाहिला तेव्हा वरचा वाकडा काटा मधल्या टोकाकडे एका बाजूने दबलेला दिसला, आणि मग आठवले की त्या रविवारी बसवताना हा प्लग माझ्या हातातून निसटून अंगणातल्या शहाबादी फरशीवर तोंडावर पडला होता. धूळ फुंकून मी तसाच बसवला. प्रश्न लिहिताना ही गोष्ट मला सुचलीही नाही, कारण पडल्याने प्लगचे काय बिघडणार, अशी माझी समजूत होती.

त्या जागी आधीच्या संचातला बरा दिसणारा जुना प्लग गॅप लावून घातला. थरथर पुष्कळ कमी झाली आणि ‘फट्’ आवाज गेला. परंतु अजून थोडी कंपने राहिली आहेत, कॅनची झाकणे अजून वाजतात. पडलेल्या प्लगचाच गॅप ठीक करून तो परत घालावा काय?

उत्तर : उद्यमबागचा फिटर

तो प्लग परत घालू नका. काटा सरळ करता येईल, पण फरशीवर पडलेल्या प्लगच्या आतल्या चिनीमातीला केसाएवढी चीर गेली असेल तर ती बाहेरून दिसत नाही, आणि ठिणगी टोकावर न उडता तिथूनच आतल्या आत निसटते. एका प्लगपायी पुन्हा सीट उचलण्यात अर्थ नाही.

गॅप कमी झाल्यावर ठिणगी बंद होत नाही, हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. उलट ती सहज उडते, म्हणूनच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत होती आणि चढावरही काही कळत नव्हते. पण ०.४ च्या फटीत ठिणगी एवढीशी असते आणि तिच्याभोवती धातू इतका जवळ असतो की नुकती पेटलेली ज्योत तिथेच थंड होते. आयडलच्या विरळ मिश्रणात मग चार-पाच ठोक्यांतला एखादा फुकट जातो.

नवीन प्लग बसवताना आधी नुसत्या हाताने पूर्ण आत जाऊ द्या, मग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, त्याहून जास्त नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, आटे गेले तर आजच्या दहापट खर्च येईल. प्लग वायर बसवताना खटका लागल्याचे बोटाला जाणवले पाहिजे. राहिलेल्या कंपनासाठी आता हवेकडे वळा.

पुन्हा प्रश्नकर्ता : जांबोटीकर

हवाच होती. अ‍ॅडव्हान्सच्या पाईपाचे टोक काढून बोट लावले, तर ओढ अजिबात नव्हती. निदेशक महोदयांचा अंदाज खरा ठरला. मग चमच्याने साबणाचे पाणी एकेका सांध्यावर सोडत गेलो. मॅनिफोल्डवर एक आखूड नळी आहे, तिला काही जोडलेले नाही, नुसते रबरी बूच आहे. त्यावर पाणी पडताच ‘सुर्र’ झाले आणि इंजिन क्षणभर शांत चालून पुन्हा थरथरू लागले. बूच काढून दोन बोटांत दाबले, तेव्हा तळाशी अर्ध्या गोलाची चीर उघडली. सरळ धरले की ती मिटते आणि काही दिसत नाही. कॅप काढताना माझे मनगट तिथेच टेकत होते. ते आधीच चिरले होते की माझ्यामुळे, हे आता कळण्याची सोय नाही.

नवीन बूच मिळेपर्यंत पाईपाच्या तुकड्यात छोटा बोल्ट घालून, दोन्ही बाजूंनी क्लिप लावून ती नळी बंद केली. लगेच इंजिनाची रेस एवढी वाढली की मी घाबरून चावी बंद केली. नंतर मेस्त्रींना विचारले, तर थरथर लपवण्यासाठी त्यांनी आयडल स्क्रू दोन फेरे आत घेतला होता.

उत्तर : निवृत्त निदेशक, आयटीआय

तो स्क्रू आता मागे घ्यावा लागेल, परंतु इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक पूर्ण उघडल्यावरच. मिनिटाला साधारण ९०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावे. मिश्रणाच्या स्क्रूला कोणी हात लावला नसेल तर तो तसाच राहू द्यावा.

पावसाळ्याची मूळ तक्रार गेली की नाही, हेही आताच पाहून घ्या, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच होता. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरवर पाण्याची अगदी बारीक फवारणी करावी, हात लांब ठेवावा. कुठे निळसर ठिणगी रांगताना दिसली तर ती जागा ओल्या सकाळी पुन्हा त्रास देईल.

उत्तर : निपाणीकर

माझी कॉइल मागे घेतो. पेट्रोलचे मात्र मागे घेत नाही, ते रबर एवढे कशाने वाळले याचा कोणीतरी विचार करावा.

पुन्हा प्रश्नकर्ता : जांबोटीकर

रबर २६-२७ वर्षांचे असेल, निपाणीकर, पण आपले म्हणणे लक्षात ठेवतो. बाकीचे पाईपही या महिन्यात बदलून घेणार आहे.

नवीन प्लग आणि बूच बसवून, स्क्रू मागे घेऊन पुन्हा त्याच सेंटरवर गेलो. कार्बन मोनॉक्साइड १.७ टक्के, हायड्रोकार्बन ४१० पीपीएम. या वेळी आकडा एका जागी थांबला. दोन्ही चिठ्ठ्या आणि तो वाकलेला प्लग मेस्त्रींना नेऊन दाखवला. त्यांनी प्लग बराच वेळ फिरवून पाहिला, दुकानातल्या पोराला बोलावून दाखवला आणि तो ठेवून घेतला.

रात्री फवारणी करून पाहिली, नव्या कॅपवर काही दिसले नाही. उत्सुकता म्हणून जुनी कॅप चढवून तसेच केले, तर दोन टोकांच्या मधोमध केसासारखी निळी रेघ सरसर पळाली. गेली दोन वर्षे ओल्या सकाळी सेल्फ मारून बॅटरी उतरवत होतो, ती याच रेघेमुळे. परवापासून इकडे पाऊस लागला आहे आणि गाडी दोन्ही दिवस पहाटे साडेचारला पहिल्या सेल्फला सुरू होऊन, कॅन न वाजवता, दुधाची वाट पाहत दारात उभी राहिली.